लोकांनी पुन्हा उभारलेला राजवाडा

(ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल कलश चढला, आज महाप्रसाद झाला, आणि पोटभर जेवलेल्या माणसांना इतिहास ऐकवण्याची कामगिरी समितीने माझ्याकडे सोपविली आहे. शाळेत तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकविला, तोही बहुतेक जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला, त्यामुळे पेंगणाऱ्या श्रोत्यांची मला सवय आहे. तेव्हा कोणी संकोच करू नये.

आपल्या भागात गडकोटांविषयी सांगायला कोणी मास्तर लागत नाही. पन्हाळा आपल्या नजरेच्या टप्प्यात आहे. बाजीप्रभूंची कथा शाहिरांनी आणि कीर्तनकारांनी घरोघरी पोचविली आहे. म्हणून आज मी फार दूरच्या एका राजवाड्याची हकीकत सांगणार आहे. तो आहे युरोपातल्या पोलंड देशात, वॉर्सा या राजधानीच्या शहरात. काहींना वाटेल, देवळाच्या कार्यक्रमात परदेशच्या राजवाड्याचे काय काम? काम आहे. हा राजवाडा शत्रूने पायापासून उडवून दिला होता, आणि तो तिथल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला. आपण ज्याला जीर्णोद्धार म्हणतो तोच हा प्रकार. शिवाय त्या देशाचा आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा एक जुना ऋणानुबंध आहे, तोही ओघात येईलच.

राजवाडा कसा होता

हा राजवाडा पन्हाळ्यासारखा डोंगरावरचा किल्ला नव्हे. विस्तुला नावाची मोठी नदी आहे, तिच्या काठच्या उंचवट्यावर, भर शहरात ही वास्तू आहे. मूळची ती चौदाव्या शतकातली एक गढी. तिथल्या छोट्या संस्थानिकांची. पुढे झिग्मुंट तिसरा या राजाने आपली राजधानी क्राकोव्ह शहरातून वॉर्साला हलविली. साधारण १५९६ साली हा बदल सुरू झाला. १५९८ ते १६१९ या काळात त्याने जुनी गढी वाढवून पाच बाजूंचा भव्य राजवाडा बांधला. मध्ये मोठा चौक, दर्शनी बाजूला उंच मनोरा आणि मनोऱ्यावर घड्याळ. हे घड्याळ ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. या वेळी आपल्याकडे शिवछत्रपतींचा जन्मही झालेला नव्हता. झिग्मुंटच्या मुलाने १६४४ साली राजवाड्यासमोरच्या मैदानात बापाच्या स्मरणार्थ एक उंच स्तंभ उभारला, तेव्हा शिवाजीराजे चौदा वर्षांचे होते.

राजवाड्याच्या एका भागात राजा राहत असे आणि दुसऱ्या भागात देशाची विधिसभा भरत असे. म्हणजे राजवाडा आणि कचेरी एकाच छपराखाली. त्या सभेचा एक विचित्र नियम होता. कोणताही एक सभासद उठून ‘मला मान्य नाही’ म्हणाला की ठराव बारगळायचा आणि सगळी सभाच बंद पडायची. आपल्या ग्रामसभेत असा नियम असता तर हे मंदिर कधी पूर्ण झाले असते याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा! पोलंडला या नियमाची फार मोठी किंमत मोजावी लागली. शेजारच्या बलाढ्य राज्यांनी पैसे चारून एखादा सभासद फोडावा आणि साऱ्या देशाचा कारभार अडवावा, असे चालू झाले. घरात एकी नसली की शेजाऱ्याचे फावते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्या राजवाड्यातले मोठे दिवस

देश खिळखिळा झाला तेव्हा काही शहाणी माणसे जागी झाली. स्तानिस्लाव्ह ऑगस्ट हा त्यांचा शेवटचा राजा. लढवय्या म्हणून त्याचे नाव नाही, पण विद्येची आणि कलेची त्याला फार आवड होती. त्याच्या काळात, १७७३ साली, देशातल्या शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी एक सरकारी आयोग नेमला गेला. युरोपातले हे पहिले शिक्षणखाते मानतात. मी मास्तर असल्यामुळे हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

याच राजाने इटलीहून आलेल्या बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या चित्रकाराला पदरी ठेवले आणि वॉर्सा शहराची चित्रे काढविली. रस्ते, वाडे, चर्च, खिडक्या, गाडीवान, बाजार, सगळे बारकाईने. बावीस चित्रे राजवाड्यातल्या एका दालनात लावली होती. राजाच्या हौसेखातर काढलेली ही चित्रे दीडपावणेदोनशे वर्षांनी कशी उपयोगी पडली, तेही पुढे येईल.

आणि मग आला ३ मे १७९१ चा दिवस. राजवाड्यातल्या सभागृहात त्या दिवशी देशाची लेखी राज्यघटना मंजूर झाली. अमेरिकेनंतर जगातली ही दुसरी आणि युरोपातली पहिली आधुनिक लेखी घटना मानली जाते. ‘एकाने नाही म्हटले की सारे बंद’ हा घातक नियम तिने मोडीत काढला. शहरातल्या रहिवाशांना हक्क मिळाले आणि शेतकरी कायद्याच्या संरक्षणाखाली आला. आपल्याला २६ जानेवारी, तसा त्यांना ३ मे. आजही तो तिथला राष्ट्रीय सण आहे.

पण शहाणपण उशिरा सुचले होते. सुधारलेला शेजारी कोणाला हवा असतो? रशियाने १७९२ साली फौजा घातल्या. देशाचा एक लचका १७७२ सालीच तोडला गेला होता, दुसरा १७९३ साली तुटला, आणि १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी उरलेला देश वाटून घेतला. आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली तेच हे साल. पोलंड हे नाव नकाशावरून पुसले गेले, ते १९१८ पर्यंत. एकशे तेवीस वर्षे हे लोक स्वतःच्याच मुलखात परक्यांच्या अमलाखाली राहिले.

त्या काळात राजवाड्यात रशियन सुभेदार राहत होता. लोकांनी १८३० साली उठाव केला आणि १८३१ च्या जानेवारीत त्यांच्या विधिसभेने रशियाच्या झारला आपल्या गादीवरून पदच्युत केल्याचे जाहीर केले. उठाव मोडला गेला. बेलोत्तोची चित्रे आणि इतर मौल्यवान वस्तू रशियात गेल्या. १८६१ साली राजवाड्यासमोरच्या मैदानातच निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुष्कळ माणसे मेली. पारतंत्र्यात राजवाडे शिल्लक राहतात, त्यांतला धनी मात्र बदलतो. साताऱ्याची आणि पुण्याची गोष्ट आठवा, म्हणजे समजेल.

देश १९१८ साली स्वतंत्र झाला. १९२१ च्या तहानुसार रशियाकडून चित्रे परत आली. राजवाडा दुरुस्त झाला आणि १९२६ पासून देशाचे राष्ट्राध्यक्ष तिथे राहू लागले. घडी नीट बसते आहे असे वाटत होते.

सवा अकरा वाजता थांबलेले घड्याळ

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. १७ सप्टेंबरला जर्मन तोफांचे गोळे राजवाड्यावर पडले. छप्पर पेटले, मनोरा पेटला, आणि मनोऱ्यावरचे घड्याळ सवा अकरा वाजता बंद पडले. राजवाड्याच्या संग्रहाची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते काझिमिएर्झ ब्रोक्ल त्याच दिवशी तोफगोळ्याने ठार झाले. आपल्या ताब्यातल्या वस्तू सोडून ते गेले नव्हते.

आग विझली तरी भिंती उभ्या होत्या. छप्पर घालून वास्तू वाचविता आली असती. पण जर्मन सत्ताधाऱ्यांना ती वाचवायची नव्हती. माणसाची मान वाकवायची असेल तर त्याचे पूर्वज त्याच्यापासून हिरावून घ्यावेत, हा त्यांचा हिशेब होता. त्यांनी राजवाड्यातली फरशी, दारे, संगमरवर, जे काढता येईल ते काढून नेले, आणि उरलेल्या भिंतींना सुरुंगासाठी हजारो भोके पाडून ठेवली.

मंडळी, खरी गोष्ट इथे सुरू होते. वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख स्तानिस्लाव्ह लोरेन्त्झ आणि त्यांचे सहकारी या काळात जिवावर उदार होऊन राजवाड्यातले अवशेष बाहेर काढत होते. चित्रे आणि मूर्ती तर त्यांनी वाचविल्याच. पण त्याबरोबर दाराच्या चौकटीचा तुकडा, नक्षीकामाचा कपचा, भिंतीच्या रंगाचा नमुना, शेकोटीचा दगड असलेही जपून ठेवले. फोटो काढून ठेवले. पकडले गेले असते तर शिक्षा मरणाची होती. एखाद्याने विचारले असते, ‘अरे, देश बुडाला, माणसे मरताहेत, आणि तुम्ही दगडाचे कपचे कसले गोळा करता?’ तर त्या माणसांना काय उत्तर देता आले असते? पण कधीतरी हे पुन्हा बांधावे लागेल आणि बांधणाऱ्याला नमुना लागेल, एवढे त्यांनी ओळखले होते.

वॉर्साच्या लोकांनी १ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो दोन महिने चालला आणि मोडला. त्या धुमाळीतच, सप्टेंबर महिन्यात, आधी पाडून ठेवलेल्या भोकांत दारू ठासून राजवाडा उडवून दिला गेला. समोरचा झिग्मुंट राजाचा स्तंभही त्याच महिन्यात कोसळला होता. उठाव संपल्यावर उरलेले शहर घर न् घर जाळून आणि सुरुंग लावून पाडले. शहरात विटांच्या ढिगाऱ्यांशिवाय फारसे काही राहिले नाही. राजवाड्याचे काय उरले? तळघरे आणि भिंतींचे थोडेसे अवशेष.

त्या वेळी वळिवड्यात

आता आपल्या जिल्ह्याचा धागा सांगतो. ज्या दिवशी राजवाड्यावर गोळे पडले त्याच दिवशी, म्हणजे १७ सप्टेंबर १९३९ रोजी, पूर्वेकडून रशियाच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या. जात्याच्या दोन दगडांमध्ये दाणा सापडावा तसा तो देश सापडला. रशियाने १९४० आणि ४१ साली पूर्व भागातली लाखो माणसे घरातून उठवून मालगाड्यांत कोंबली आणि सैबेरियासारख्या थंड मुलखात मजुरीसाठी नेली. पुढे जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा यांतल्या काहींची सुटका झाली. उपाशी, आजारी, अंगावर चिंध्या अशा स्थितीत ही माणसे इराणमार्गे बाहेर पडली.

त्यांना कोणी आसरा द्यायचा? जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांची छावणी उभी करून दिली. आणि आपल्या कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या आसऱ्याने वसलेल्या वळिवडे गावाजवळ, १९४३ साली पोलिश लोकांची मोठी वसाहत उभी राहिली. १९४८ पर्यंत ती होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, मुलांची बालवीर पथके होती. पुढे वसाहत रिकामी झाल्यावर तिथे फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले आणि गांधीनगर वसले. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो तेच गांधीनगर. एकाच जागेने दोन देशांच्या निर्वासितांना पाठोपाठ पोटाशी धरले, ही आपल्या मातीची पुण्याई आहे.

लक्षात घ्या, सप्टेंबर १९४४ मध्ये वॉर्साचा राजवाडा ढासळत होता तेव्हा त्याच देशाची पाच हजार माणसे आपल्याच आभाळाखाली आपल्याच नदीचे पाणी पीत होती. युद्ध संपल्यावरही बहुतेकांना आपल्या गावी परत जाता आले नाही, कारण त्यांचा मुलूख रशियात गेला होता. ती माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जगभर पांगली. थोडी पोलंडला गेली. पण ती आपल्याला विसरली नाहीत. २०१७ साली वॉर्सा शहरात वळिवडे-कोल्हापूर वसाहतीच्या स्मरणार्थ फलक बसविण्यात आला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुले वाहिली, हे आपण बातम्यांत पाहिलेच असेल. दिलेल्या पाण्याची आठवण ठेवणारी ही माणसे आहेत.

आधी घरे, मग राजवाडा

आता पुन्हा वॉर्साला जाऊ. युद्ध संपले तेव्हा प्रश्न होता, हे शहर पुन्हा बांधायचे की राजधानी दुसरीकडे न्यायची? लोक ढिगाऱ्यांत परत येऊन राहू लागले होते. शहर बांधायचेच ठरले. जुन्या पेठेची घरे होती तशीच उभारावयाची ठरली आणि १९५३ पर्यंत जुना चौक उभाही राहिला. हे कसे साधले? एक तर शहरातल्या वास्तुकलेच्या विद्यालयाने युद्धापूर्वी जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे काढले होते. यान झाखवातोविच या प्राध्यापकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कागद युद्धाच्या काळात शहराबाहेर नेऊन एका मठात दडवून ठेवले. आणि दुसरे, बेलोत्तोची चित्रे होती. लुटून नेलेली ती चित्रे युद्धानंतर परत मिळाली. कोणत्या वाड्याला किती खिडक्या, कोणत्या कमानीवर कसली नक्षी, हे त्यांवरून ताडून पाहता आले.

झिग्मुंट राजाचा स्तंभ १९४९ साली नव्या दगडात उभा राहिला. त्याच वर्षी राजवाडाही बांधावा असा ठराव लोकसभेने केला. पण ठराव आणि काम यांत किती अंतर असते ते आपण जाणतोच. त्या वेळच्या साम्यवादी राज्यकर्त्यांना राजेरजवाड्यांच्या वास्तूची विशेष उत्सुकता नव्हती. शिवाय एक रास्त आक्षेपही होता. लोकांना राहायला घरे नाहीत आणि राजवाडा कसला बांधता?

मंडळी, हा आक्षेप आपल्याही गावात झाला. ‘एवढ्या पैशात शाळेच्या दोन खोल्या झाल्या असत्या’, ‘दवाखान्याला द्या’ असे बोलणारी माणसे होती, आणि ती देवाधर्माची वैरी नव्हती. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यापेक्षा ऐकून घेणे बरे. वॉर्साच्या लोकांनीही ते ऐकले. त्यांनी आधी घरे बांधली, शाळा बांधल्या, पूल बांधले. राजवाड्याची जागा सत्तावीस वर्षे ओसाड राहिली. या काळात आईबाप मुलांना घेऊन तिथून जात असतील तेव्हा ‘इथे काय होते?’ या प्रश्नाला त्यांना रिकाम्या जागेकडे बोट दाखवावे लागत असेल. घरे झाली, पोटापाण्याची थोडी सोय लागली, तरी ही उणीव बुजली नाही. माणसाला भाकरी लागते, आणि आपण कोण, कोणाचे, हेही लागते. एकाने दुसऱ्याची भूक भागत नाही.

शेवटी २० जानेवारी १९७१ रोजी राजवाडा बांधण्याचा निर्णय झाला. त्यासाठी नागरिकांची समिती नेमली गेली आणि तिने लोकांना वर्गणीचे आवाहन केले. बांधकामासाठी लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवर भिस्त ठेवली होती. कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या कामगारांनी दिले, शाळेतल्या पोरांनी दिले, म्हाताऱ्या बायांनी दिले. परदेशांत पांगलेल्या पोलिश माणसांनी तिकडून पाठविले. मायदेशातले सरकार त्यांना पसंत नव्हते, तरी त्यांनी दिले. कारण राजवाडा सरकारचा नव्हता, त्यांचा होता. कोणी पैसे दिले, कोणी घरातली जुनी चित्रे आणि वस्तू दिल्या. ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांनी श्रमदान केले, ढिगारे उपसले. याला आपल्याकडे फूल ना फुलाची पाकळी म्हणतात.

मग लोरेन्त्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपलेले ते कपचे बाहेर आले. रचनेच्या कामावर देखरेख झाखवातोविच यांच्या समितीची होती. दाराच्या चौकटीचा जुना तुकडा जिथला होता तिथेच बसवायचा आणि त्याच्या भोवती नवा दगड त्याच्या घाटाप्रमाणे घडवायचा, असे काम चालले. उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींचे अवशेष नव्या बांधणीत सामावून घेतले गेले. त्यामुळे जुने कोणते आणि नवे कोणते, हे आजही नीट पाहणाऱ्याला कळते. ते कोणी लपविले नाही. नव्याला जुन्याचा आव आणायला लावला नाही आणि जुने नव्याखाली गाडले नाही.

मनोरा पूर्ण झाला. त्यावर घड्याळ बसले. १९ जुलै १९७४ रोजी, सकाळी बरोबर सवा अकरा वाजता ते घड्याळ चालू करण्यात आले. ज्या घटकेला ते १९३९ साली थांबले होते त्याच घटकेपासून ते पुढे चालू लागले. खाली मैदानात जमलेल्या लोकांत थांबलेले घड्याळ पाहिलेली माणसेही असणार. त्यांना काय वाटले असेल हे सांगायला मास्तराची भाषा पुरी पडणार नाही.

आतली दालने सजविण्यास आणखी दहा वर्षे लागली आणि ऑगस्ट १९८४ मध्ये राजवाडा सर्वांना पाहण्यासाठी खुला झाला. तदीयुष कोशच्यूश्को हा त्यांचा स्वातंत्र्यवीर. त्याचे हृदय एका कलशात घालून राजवाड्यातल्या प्रार्थनागृहात ठेवले आहे. बेलोत्तोची बावीस चित्रे त्यांच्या दालनात परत लागली आहेत. लोक अजूनही देत राहिले. १९९४ साली एका सरदार घराण्यातल्या विदुषीने, कारोलिना लान्त्सकोरोन्स्का यांनी, आपल्या घराण्याचा चित्रसंग्रह राजवाड्याला अर्पण केला. त्यात रेम्ब्रांट या थोर चित्रकाराची दोन चित्रे आहेत. विकली असती तर अपार संपत्ती मिळाली असती.

युनेस्कोने १९८० साली वॉर्साची जुनी पेठ जागतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथली बहुतेक घरे नव्याने बांधलेली होती, तरी घेतली. उद्ध्वस्त झालेले शहर लोकांनी इतक्या निष्ठेने पुन्हा उभारल्याचे उदाहरण म्हणून घेतली. पुढे २०११ साली या पुनर्बांधणीच्या कचेरीचे नकाशे, फोटो आणि कागदपत्रे हाच एक वारसा म्हणून युनेस्कोने नोंदविला. म्हणजे नुसत्या इमारतीला मान मिळाला असे नव्हे, तिच्या कागदांनाही मिळाला.

आपल्याकरिता काय

आता समितीची परवानगी गृहीत धरून दोन गोष्टी बोलतो. गावचा मास्तर आहे, मला ती सवलत द्यावी.

आपले मंदिर सुंदर झाले. नवा गाभारा, नवे शिखर, प्रशस्त सभामंडप. दर्शनाला रांगेत उभ्या राहणाऱ्या आयाबायांना आता उन्हापावसाचा त्रास नाही. ज्यांनी लाख रुपये दिले त्यांचे, आणि ज्या माउलीने अंडी विकून पन्नास रुपये आणून दिले तिचेही, या स्मरणिकेत सारख्याच टायपात नाव आहे. समितीने हे फार चांगले केले.

परंतु जुन्या सभामंडपाचे नक्षीचे लाकडी खांब आज विहिरीजवळ ताडपत्रीखाली पडून आहेत. देवळाच्या उजव्या अंगाला दोन वीरगळ होते. आपल्या गावासाठी, गावच्या गुरांसाठी किंवा बायाबापड्यांसाठी जे कोणी लढून मेले, त्यांची ती स्मारके. पाया खोदताना ते काढले आणि सध्या ते वाळूच्या ढिगाशेजारी आडवे आहेत. जुन्या उंबऱ्याचा झिजलेला दगड पायरी म्हणून कोठे तरी लावावा असे घाटत आहे, असे ऐकतो. मंडळी, तो उंबरा कशाने झिजला? आपल्या आज्या-पणज्यांच्या पावलांनी. नवा ग्रॅनाइटचा उंबरा चकाकतो, तो चकाकू द्या. पण झिजलेला दगड आपल्याला कोणत्याही खाणीतून विकत मिळणार नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. वीरगळ मंदिराच्या आवारात ओट्यावर उभे करावेत, त्यांना ऑइलपेंट लावू नये, आणि शेजारी चार ओळींची माहिती लिहावी. लाकडी खांबांना वाळवी लागण्यापूर्वी त्यांतले निदान दोन तरी सभामंडपात भिंतीलगत उभे करावेत. झिजलेला उंबरा नव्या उंबऱ्याच्या आत, नमस्काराला हात लागेल असा बसवावा. जुन्या देवळाचे फोटो ज्यांच्या घरी असतील, लग्नातले असोत, जत्रेतले असोत, त्यांनी ते एकदा समितीकडे आणून द्यावेत. नक्कल काढून परत मिळतील. आणि बांधकाम करणाऱ्या गवंड्यांनी, सुतारांनी, पाथरवटांनी कोठे काय केले, कोणती वस्तू कोठून काढली, याची एक वही करावी. आपल्या हायस्कुलातल्या मुलांना टेप देऊन मोजमापे घ्यायला लावा. वॉर्साच्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच केले होते, आणि त्या नकाशांवरून शहर पुन्हा उभे राहिले.

कोणी म्हणेल, मास्तर, आपले देऊळ कोण पाडायला येतो आहे? कोणी येऊ नये हीच प्रार्थना. पण नुसता शत्रूच वास्तू पाडतो असे नाही. दुर्लक्ष पाडते, पूर पाडतो, भूकंप पाडतो. २०१९ चा पंचगंगेचा पूर आपण पाहिला आहे; पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर अजून दिसते. आणि कधीकधी भक्तिभावानेच, नव्याच्या हौसेपायी, जुने नाहीसे होते. त्याचे वाईट अधिक वाटते, कारण ते आपल्याच हातून झालेले असते.

वॉर्साच्या मैदानात स्तंभाचा नवा खांब उभा आहे, आणि राजवाड्याच्या बाजूला त्याचे जुने तुटलेले खांब आडवे ठेवलेले आहेत. ते कोणी हलविले नाहीत, झाकले नाहीत, त्यांचा चुराही केला नाही. येणारा-जाणारा दोन्ही पाहतो. काय झाले होते आणि आपण काय केले, हे दोन्ही त्याला एकाच ठिकाणी समजते. आपल्या आवारात असे एखादे ठिकाण असावे एवढीच माझी इच्छा आहे. पुढच्या पिढीत कोणाला तरी पुन्हा एकदा जीर्णोद्धार करावा लागेल. शंभर वर्षांनी असेल, दोनशे वर्षांनी असेल. त्या माणसाला आपण काही हाती ठेवून जावे.

ओट्यासाठी लागणारे दगड आणि दोन दिवसांची मजुरी माझ्याकडून. बाकीचे आपण पाहावे. वीरगळ उभे करायला मंगळवार चांगला आहे, गवंडी त्या दिवशी मोकळा आहे, मी विचारून ठेवले आहे.

  ग्रामदैवताच्या कृपेने गावात अशीच एकी राहो, एवढी प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवितो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!